ऋण सोडायचं, म्हणजे पाटल्याही सोडायच्या का?

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. खाजगी दवाखान्यात नर्स आहे, मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. दोन वर्षं होत आली, धाकट्या दिरांना रिक्षा घ्यायची होती. बँकेने कर्ज दिलं नाही, तेव्हा घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईने दिलेल्या दोन पाटल्या मी पतसंस्थेत तारण ठेवल्या आणि १ लाख २० हजार रुपये भाऊजींच्या हातात रोख दिले. सहा महिन्यांत परत करतो म्हणाले होते. रिक्षा रोज चालते, त्यांच्याकडे नवा फ्रिजही आला, पण मला एक रुपया मिळालेला नाही. पतसंस्थेचं व्याज दर महिन्याला माझ्या पगारातून जातंय.

दोनदा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, तू तर शब्बाथ शाळेत शिकवतेस." भाऊजींनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "क्षमा करा म्हणजे तुमची क्षमा होईल" हे वचन टाकलं, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. सगळ्यांनी आमेन लिहिलं. मिस्टरांनीसुद्धा.

रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझं तोंड मिटतं. समोर भाऊजी पेटी वाजवत असतात. खोटं कसं बोलू? म्हणून आता प्रभुभोजनही घेत नाही. लोक बघतात, कुजबुजतात. ३१ डिसेंबरच्या उपासनेत मला जे वचनाचं कार्ड निघालं ते यिर्मया २९:११, हिताच्या संकल्पांचं. कपाटाला चिकटवलंय, पण बघितलं की रडू येतं. परवा भाऊजींच्या रिक्षाला दंड झाला हे ऐकून मला बरं वाटलं, आणि मग माझीच मला भीती वाटली.

वचन रोजच्या जगण्यात लावायचं म्हणजे गप्प बसायचं का? पैसे मागणं पाप आहे का? आणि ग्रुपवरच्या त्या वचनाला मी काय उत्तर देऊ?

— एक बहीण

*

प्रिय बहिणी, सलाम.

पैसे मागणं पाप नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा निवांत वाचाल.

सासूबाईंनी सांगितलेलं वचन मत्तय १८:२२ मधलं आहे. बायबल उघडा आणि त्या ओळीवरून बोट वर सरकवत पंधराव्या वचनापर्यंत या. तिथे येशू म्हणतो, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. त्याने ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना, सांग. हे सगळं बोलून झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र पुढे येऊन विचारतो, मग किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? आणि तेव्हा साताच्या सत्तर वेळांचं उत्तर येतं. म्हणजे ज्या क्षमेबद्दल तुम्हाला ऐकवलं जातंय, ती "जा आणि त्याला दाखव" याच्या पाठीवर आलेली आहे. एकाच बैठकीतलं बोलणं आहे ते. पुढचं अर्धं सांगायचं आणि आधीचं अर्धं गाळायचं, असं केलं की क्षमेचं वचन तोंड बंद करायच्या कामाला येतं.

लूक १७:३ मध्ये तर हे दोन्ही एकाच वाक्यात आहे: भावाने अपराध केला तर त्याचा दोष त्याला दाखव, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. आणखी मागे जायचं तर लेवीय १९. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे अठरावं वचन आपल्या पोरांना पाठ असतं, तुम्हीच शिकवलं असेल. त्याच्या आधीचं सतरावं वचन मी तरी कुठल्या भिंतीवर लिहिलेलं पाहिलं नाही. त्यात म्हटलंय, भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नकोस, त्याचा दोष त्याच्या पदरात घाल, नाहीतर त्याच्या पापाचा भार तुझ्यावर येईल. मनात कुढत गप्प बसणं हा तिथे चांगुलपणा धरलेला नाही, धोका धरलेला आहे. दंडाची बातमी ऐकून तुम्हाला जे बरं वाटलं, ते दोन वर्षांच्या गप्प बसण्यातून आलंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता सत्तर वेळांच्या लगेच खाली जो दाखला आहे, त्याचा हिशेब जरा मांडू या, कारण तो दाखलाच मुळात देण्याघेण्याचा आहे. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं देणं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना दिवसाला तेवढाच ठरतो. म्हणजे देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. राजाने ते सोडलं. मग हाच चाकर बाहेर पडतो आणि ज्याच्याकडून शंभर दिनार यायचे त्याचा गळा धरतो.

प्रवचनात बहुतेक वेळा "क्षुल्लक शंभर दिनार" असं म्हणून पुढे जातात. क्षुल्लक कुठले? शंभर दिवसांची मजुरी आहे ती. तुमच्या गावात रोजाने जाणाऱ्या बाईला दिवसाला काय मिळतं ते शंभराने गुणून पाहा. रक्कम तुमच्या पाटल्यांएवढी भरणार नाही, पण कोणी सहज सोडून द्यावी एवढी लहानही नसेल. येशूने मुद्दाम असा आकडा घेतलाय की जो बुडाला तर माणसाला खरंच लागतो. तुमचं नुकसान त्याने शून्य धरलेलं नाही. त्या चाकराचा गुन्हाही पैसे मागण्याचा नव्हता. त्याने गळा दाबला, समोरचा "मला वागवून घे, मी फेडीन" म्हणत असताना ऐकलं नाही आणि त्याला तुरुंगात घातलं. भाऊजी तुमच्या पाया पडून "वहिनी, थोडा धीर धरा, देतो" म्हणाले आणि तुम्ही पोलिसात गेलात, असं काही घडलंय का? तर नाही. तुमच्याकडे "फेडीन" हा शब्दच अजून आलेला नाही. चित्र आलंय, जोडलेल्या हातांचं.

तुम्ही नर्स आहात, म्हणून एक उदाहरण चालेल. डॉक्टरांनी एका पेशंटच्या नावावर लिहिलेली गोळी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला देऊन "औषध तर डॉक्टरांनीच लिहिलंय" असं कोणी म्हटलं, तर तुम्ही काय कराल? तुमच्या घरात वचनांचं तेच चाललंय. "क्षमा करा" हे ज्याचं बुडालं त्याच्या नावावरचं वचन आहे. ज्याने बुडवलं त्याच्या नावावर वेगळी वचनं आहेत. स्तोत्र ३७:२१ म्हणतं, दुर्जन उसने घेतो आणि परत देत नाही. रोमकरांस १३:८ म्हणतं, प्रीतीशिवाय दुसऱ्या कशात कोणाचे ऋणी राहू नका. आणि जकातदार जक्कय येशूला घरी घेऊन गेल्यावर काय म्हणाला? ज्याचं लुबाडलंय त्याला चौपट परत देतो. तारण (म्हणजे उद्धार) आज या घराला झालं आहे, हे येशू त्यानंतर म्हणतो. भाऊजींनी ग्रुपवर टाकायला यातलं कुठलंही चाललं असतं.

पण मी तुम्हाला सोयीचंच तेवढं सांगितलं तर मीही तेच केल्यासारखं होईल. लूकच्या सहाव्या अध्यायात, भाऊजींच्या वचनाच्या थोडं वर, येशू म्हणतो की परत मिळायची आशा न धरता उसनं द्या, आणि तुझं कोणी नेलं तर ते परत मागू नकोस. हे तुम्ही वाचलेलं असणार आणि रात्री ते तुम्हाला छळत असणार. ते अवघड आहे आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. एवढंच म्हणेन की ती हाक देणाऱ्याच्या मनाला आहे. तुमच्या वतीने भाऊजी ती पाळू शकत नाहीत, सासूबाईही नाहीत. दुसऱ्याच्या पाटल्यांवर उदार होता येत नाही. प्रेषित पौल २ करिंथ ९:७ मध्ये स्पष्ट सांगतो की प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी होऊन किंवा भाग पडलं म्हणून नव्हे. तुमच्याकडून जे गेलं ते उसनं म्हणून गेलं, मुदत ठरवून गेलं. उद्या तुम्हाला प्रार्थनेत खरंच वाटलं की हे सोडून द्यावं, तर जरूर सोडा. मिस्टरांना सांगून, भाऊजींना तोंडावर सांगून, मोकळेपणाने. ते दान होईल. आज जे होतंय त्याला दान म्हणत नाहीत.

आणि सोडताना काय सोडताय ते नीट बघा. पाटल्या तुमच्या आहेत. पण दर महिन्याचं व्याज ज्या पगारातून जातं, त्या पगारावर तुमच्या मुलांचाही हक्क आहे.

सासूबाईंबद्दल लिहायचं थोडं जिवावर आलंय, कारण दोन्ही लेकांच्या मध्ये सापडलेल्या आईला काय सांगणार. तरी फिलेमोनाचं पत्र आठवतंय. एकच अध्याय, पाच मिनिटांत वाचून होतो. अनेसिम नावाचा दास मालक फिलेमोनाला सोडून गेलेला, पौल त्याला परत पाठवतोय आणि मालकाने त्याला भाऊ म्हणून स्वीकारावं अशी गळ घालतोय. पौलाला "अरे फिलेमोना, साताच्या सत्तर वेळा" असं लिहून मोकळं होता आलं असतं. तो लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी हे स्वतःच्या हाताने लिहितोय, मी ते फेडीन. दुसऱ्याला क्षमा करायला सांगणाऱ्याने कुठे उभं राहायचं असतं ते तिथे दिसतं. हे सासूबाईंना ऐकवा असं मी म्हणत नाही. ऐकवावंसं वाटेल, ते मला कळतं. पण ग्रुपवर आमेन लिहिणाऱ्यांपैकी एकानेही "वहिनी, या महिन्याचं व्याज मी भरतो" असं म्हटलेलं नाही, हे तुमच्या मनाला खुपतं त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रभुभोजन. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

तुम्ही प्रभुभोजनाच्या मेजापासून का दूर राहता ते कळलं. मत्तय ५:२३-२४ तुमच्या मनात असणार: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. पण ते वचन पुन्हा वाचा. वेदीपाशी आलेल्या माणसाला काय आठवतं? आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काहीतरी आहे, हे. तुमच्या घरात कोणाच्या मनात कोणाविरुद्ध आहे? तुमच्या मनात, भाऊजींविरुद्ध. म्हणजे त्या वचनाप्रमाणे उठायचं भाऊजींनी होतं, पेटी बंद करून. तुम्ही नव्हे. तुमच्या वाटेला मार्क ११:२५ येतं: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. तेही आहेच, त्यातून सुटका नाही. पण तिथेही येशू प्रार्थनेला उभंच राहू नका असं म्हणत नाही.

करिंथच्या मंडळीला पौल जे लिहितो त्याचाही असाच उलटा अर्थ आपल्याकडे रुजलाय. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं, प्याल्यातून प्यावं, असं तो लिहितो. परीक्षा करून घरी बसावं असं लिहीत नाही. तिथली मूळ तक्रारही बघा: ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून मोकळे होत होते आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत होते. आता प्रभुभोजनाच्या रविवारी तुमच्या मंडळीत काय होतं? ज्याने घेतलं तो मेजावर, आणि जिचं गेलं ती मागच्या बाकावर. पौल आला असता तर कोणाला आधी बोलला असता?

तेव्हा येत्या प्रभुभोजनाला मेजाशी जा. कोण कुजबुजतं ते कुजबुजू दे.

प्रभूच्या प्रार्थनेचंही तेच. त्या ओळीला तोंड मिटू नका. "ऋण सोडले आहे" हे तुम्ही पतसंस्थेच्या खात्याबद्दल शपथेवर सांगत नाही आहात. त्या माणसाचा सूड घेण्याचा माझा हक्क मी देवाकडे दिलाय, एवढं म्हणताय. तेही पूर्ण खरं नसेल तर "सोडते आहे, पूर्ण सुटलेलं नाही, मदत कर" असं मनात जोडा. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून द्या" असं एक बाप येशूसमोर म्हणाला होता, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही.

आता दंडाची गोष्ट. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती, आणि ती तुम्ही लपवली नाहीत. तुमच्या नावावरचं वचन कुठलं असेल तर ते नीतिसूत्रे २४:१७ आहे: तुझा वैरी पडला तर आनंद करू नकोस. रक्कम वसूल करणं आणि माणसाचं वाईट व्हावं असं वाटणं, या दोन गोष्टी मनात एकमेकींना चिकटून राहतात, आणि त्या सुट्या करायला वेळ लागतो. क्षमेचं काम खरं तर इथे आहे. भाजी निवडताना शेजारणीला भाऊजींची गोष्ट परत परत न सांगणं. मुलांसमोर "तुमच्या काकाने" असं सुरू न करणं. त्यांची रिक्षा चालावी, त्यांना भाडी मिळावीत, असं रोज एकदा देवाला म्हणणं. पहिले काही दिवस ते दात आवळूनच म्हणावं लागेल, चालतं. (रिक्षा चालली तरच तुमचे पैसे येतील, हा स्वार्थही त्यात आहे, आणि देवाला तो ठाऊक आहे.)

कपाटावरच्या कार्डाकडे येते. वचनाची कार्डं काढण्याची आपली रीत मला आवडते. वॉच नाईटला, ३१ डिसेंबरच्या रात्री, रांगेत उभं राहून बशीतली घडी उचलायची आणि बाहेर थंडीत उभं राहून एकमेकींचं वाचायचं, यात एक आनंद आहे. पण कार्डावर एक ओळ मावते, अध्याय मावत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत उतरवलं, त्यात त्यांची शेवटची कित्येक वर्षं गेली, आणि ते छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. साध्या बाईच्या हातात अख्खा ग्रंथ यावा म्हणून हा खटाटोप. तो घरात असताना आपण घडीवर वर्ष काढतो.

यिर्मया २९ हे एक पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. त्यांना घाई होती, लवकर सुटू असं सांगणारे संदेष्टेही भरपूर होते. यिर्मया लिहितो, घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, सत्तर वर्षं लागणार आहेत. अकरावं वचन त्यानंतर येतं. ज्यांनी ते पत्र हातात धरून वाचलं, त्यातल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसलाच नाही. तेव्हा हे कार्ड तुम्हाला "यंदा पाटल्या सुटतील" असं सांगत नाही. ते सांगतं की अडकलेल्या दिवसांतही घर चालवायचं असतं, आणि देव त्या दिवसांतही हिशेबात असतो. रडू आलं तर येऊ दे. ते पत्र मिळाल्यावर बाबेलातही कितीतरी जण रडले असतील.

आणि त्याच यिर्मयाचं तीन अध्याय पुढे वाचा, बत्तिसावा. शहराला वेढा पडलाय, यिर्मया कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, माझं शेत विकत घे. घरचा माणूस, घरचा व्यवहार. यिर्मया काय करतो? सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहोर लावतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो. देवाचा संदेष्टा, चुलतभावाशी व्यवहार, तरी कागद. "आपल्यात कशाला लिहापढी, विश्वास नाही का?" असं आपल्याकडे म्हणतात तेव्हा मला हा अध्याय आठवतो.

म्हणून आता करायचं ते असं. आधी मिस्टरांशी बोला. त्यांनी आमेन लिहिलं ते तुमच्या विरोधात लिहिलं असेलच असं नाही, ग्रुपवर वचन आलं की आपल्या हाताला आमेनची सवय असते. पण भाऊ त्यांचा आहे, आणि व्याज दोघांच्या घरातून जातंय. पतसंस्थेच्या पावत्या काढा, आतापर्यंत किती व्याज भरलं ते एका कागदावर उतरवा, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. रात्री जेवल्यावर, मुलं झोपल्यावर. भांडणाच्या सुरात नको. मला वाटतं हा आकडा त्यांनी कधी एकत्र पाहिलेला नाही.

मग भाऊजींना घरी बोलवा, तुम्ही दोघं आणि ते, बस. सासूबाई नकोत, मुलं नकोत, ग्रुप तर नकोच. मत्तयाचा "एकांत" म्हणजे समोरच्याची अब्रू राखून. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात उसनं देणाऱ्याला एक सुंदर नियम घातलाय: गहाण घ्यायला त्याच्या घरात घुसू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. ज्याचं देणं आहे त्यालाही त्याच्या उंबऱ्याचा मान आहे. तेव्हा फ्रिजचा विषय काढू नका, दंडाचाही नको. "भाऊजी, पैसे कधी देणार?" असं विचारलंत तर "देतो की" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा असं म्हणा: "या महिन्यापासून पतसंस्थेचं व्याज तुम्ही तिथे जाऊन भरा, पावती मला दाखवा. मुद्दल महिन्याला किती जमेल ते तुम्हीच सांगा." आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे. लहान आला तरी घ्या.

आणि तो लिहून घ्या. कोणत्या तारखेला किती रक्कम घेतली, किती बाकी आहे, दरमहा किती देणार, खाली त्यांची सही आणि तारीख. तुम्ही रोख दिलेत, तेव्हा हा कागद हाच तुमचा पुरावा. उसन्या रकमेचा दावा कायद्याने साधारण ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि ती मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून देणं मान्य केलं तर त्या सहीपासून मुदत नव्याने मोजली जाते. तुमची दोन वर्षं होत आली आहेत, म्हणून हे आता लिहिते, पुढच्या नाताळात लिहून उपयोग नसता. दावा लावा असं मी म्हणत नाही. भावाने भावाला कोर्टात ओढण्यावरून पौलाने करिंथकरांना झापलंय. पण त्याच परिच्छेदात तो विचारतो, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? भाऊजींनी बोलणं उडवून लावलं, तर मंडळीतला असा शहाणा माणूस शोधा. पाळकसाहेब असतील, मंडळीच्या पंचायतीतले कोणी वडीलधारे असतील, ज्यांचं भाऊजी ऐकतात असे. त्यांना घेऊन दुसऱ्यांदा बसा. ही मत्तयातलीच दुसरी पायरी आहे, चहाडी नव्हे.

पाटल्यांच्या तारणाची मुदत कधी संपते ते मात्र उद्याच जाऊन विचारा. ती उलटून गेली आणि नूतनीकरण झालं नाही, तर लिलावाची नोटीस येते, आणि मग हा सगळा समेट आईच्या पाटल्या गेल्यावर होईल.

ग्रुपवर काय उत्तर द्यायचं विचारलंत. काहीच नाही. स्तोत्र ३७:२१ अगदी तयार आहे, टाकलंत तर सगळे गप्पही होतील, आणि एक क्षण फार बरं वाटेल. नका टाकू. वचनाने वचनाला टोला हाणायचा हा खेळ एकदा सुरू झाला की घरात वचन ऐकायला कोणी उरत नाही.

एक राहिलं. जाऊबाईंचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. रिक्षाचे पैसे तुमच्या पाटल्यांवर आले हे त्यांना माहीत आहे का? कदाचित नसेल. माहीत नसेल तर ते तुमच्या तोंडून कळायला नको, भाऊजींनाच सांगू दे. त्या बैठकीत भाऊजींना एवढं मात्र जरूर विचारा, की घरी सांगितलंय का.